वायर संपली तिथून पुढे

आईने सगळ्या नातेवाइकांत सांगून ठेवलं होतं की आमची शुभांगी कॉम्प्युटरमध्ये आहे. ते अगदीच खोटं नव्हतं. मी एका इलेक्ट्रॉनिक बँडमध्ये गात होते, आणि आमच्या बँडमधले ढोल, ताशे, सनई, बासरी, सगळं कॉम्प्युटरमध्येच होतं. बाहेर फक्त मी होते. पण आईच्या त्या एका वाक्यापायी मला सॉफ्टवेअर इंजिनीअरांची चार स्थळं आली. त्यातल्या एकाने बघायला आल्यावर मला विचारलं, तुम्ही कुठल्या लँग्वेजमध्ये काम करता. मी म्हटलं, मराठीत, कधीकधी मालवणीत. त्याने बशीतले उरलेले पोहे घाईघाईने संपवले. त्यांच्याकडून पुढे निरोप आला नाही.

आता मी पंचेचाळिशी ओलांडली आहे आणि एकटीने गायला लागले त्यालाही बरीच वर्षं झाली. तरी लोक विचारतातच की बँड का सोडला. मी दरवेळी काहीतरी भारदस्त उत्तर देते. कलात्मक मतभेद, स्वतःचा शोध वगैरे. खरं कारण एक घोडा आहे. आजवर हे कुठे लिहिलं नाही, कारण मुलाखत घेणारी माणसं गंभीर चेहऱ्याने समोर बसलेली असतात आणि त्यांना घोडा सांगायला धीर होत नाही.

आमची चाळ लालबागला. माझे आणि डिगूचे बाबा एकाच गिरणीत, एकाच खात्यात होते, आणि आमच्या खोल्या एकाच मजल्यावर. डिगू म्हणजे दिगंबर. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करायचा. लोक दुरुस्तीला टाकून परत न्यायला विसरायचे, त्या वस्तू उघडून तो त्यांची वाद्यं बनवायचा. मोडक्या मिक्सरच्या मोटरचा त्याने खर्ज बनवला होता, तो इतका खोल लागायचा की खालच्या मजल्यावर मांडणीतली भांडी वाजायची. आमच्यातला तिसरा केदार. तो दादरचा, विमा कंपनीत नोकरीला. त्याच्याकडे लॅपटॉप होता, ही त्याची बँडमध्ये येण्याची पात्रता. तो ऑफिसातून थेट यायचा, त्यामुळे शर्ट इन केलेला आणि खिशाला पेन. त्याला प्रत्येक गोष्टीची यादी करायची सवय होती. गाण्यांची यादी, वायरींची यादी, आणि कार्यक्रमाआधी करायच्या याद्यांची यादी.

तालमीला जागा नव्हती. चाळीच्या जिन्याखाली विजेचे मीटर होते, त्यांच्या शेजारी तीन माणसं उभी राहतील एवढी मोकळी जागा होती. म्हणून बँडचं नाव मीटरबॉक्स. नाव सुचायला आम्हाला एक मिनिटही लागलं नाही, आणि पुढे लोक त्यात शहरी जाणिवा वगैरे शोधायला लागले तेव्हा आम्ही मान डोलावली.

बाहेरच्यांसाठी थोडं या कामाबद्दल सांगते. साध्या वाद्यवृंदात गायिका जरा रेंगाळली तर तबलजी सांभाळून घेतो. इलेक्ट्रॉनिक बँडमध्ये ठेका आधीच बनवून ठेवलेला असतो आणि एकदा सुरू केला की तो कुणाला ओळखत नाही. गायिकेच्या कानात एक इअरफोन असतो, त्यात सारखं टक टक टक वाजत असतं. त्याला क्लिक म्हणतात. त्या टकटकीवर पाय ठेवत चालायचं. तुम्हाला शिंक आली, शब्द आठवेना झाले, तरी टकटक पुढे चाललेलीच. एकदा परळच्या एका कॉलेजात गाताना माझ्या तोंडात चिलट गेलं. दोन ओळी मी त्या चिलटाशी झगडण्यात घालवल्या. ठेका पुढे निघून गेला होता, तिसऱ्या ओळीला मी धावत जाऊन त्याला गाठलं. लोकांना वाटलं ती रचनाच तशी आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या कार्यक्रमाच्या यादीत केदारने त्या जागी ‘चिलट’ असं लिहून ठेवलं होतं आणि मी तिथे दोन ओळी थांबावं अशी त्याची अपेक्षा होती.

आमचं सगळ्यात गाजलेलं गाणं ‘पाणी आलं’. शब्द माझे, ठेका डिगूचा. चाळीत संध्याकाळी नळाला पाणी येतं त्या गडबडीचं ते गाणं, आणि त्याच्या धृपदात मी ‘पाणी आलं, पाणी आलं’ असं सोळा वेळा म्हणते. पहिली तालीम आम्ही दुपारी तीनला केली. स्पीकर जिन्याखाली, आणि आवाज जिन्यातून थेट वर. चौथ्या ‘पाणी आलं’ला तिन्ही मजल्यांवरून बायका हंडे, बादल्या, पातेली घेऊन नळावर. नळ कोरडा. मग त्या जिन्याखाली आल्या. त्या दिवशी मला जे ऐकावं लागलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. चाळ कमिटीने ठराव केला की सदर गाणे फक्त पाणी आल्यानंतर व जाण्यापूर्वी म्हणावे. पुढे सहा वर्षं आम्ही ते गाणं नळाच्या वेळापत्रकावर बसवलं.

या सगळ्याच्या मध्यभागी डिगूचा डबा होता. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात त्याने एक सर्किट बसवलं होतं. माझा आवाज एका बाजूने डब्यात शिरायचा आणि दुसऱ्या बाजूने रोबोटचा होऊन बाहेर पडायचा. वर एक काळा नॉब होता. तो जितका उजवीकडे, तितकी मी कमी आणि रोबोट जास्त. डिगूचा हात कायम त्या नॉबवर, आणि नॉब कायम उजवीकडे. लोकांना तो आवाज आवडायचा. फक्त तो माझा आहे हे कुणाला खरं वाटायचं नाही. एका कार्यक्रमानंतर एक गृहस्थ मुद्दाम पुढे येऊन माझं अभिनंदन करून गेले. कॉम्प्युटर गात असताना ओठ इतके बरोबर हलवणं सोपं नाही, म्हणाले.

आमची पहिली सीडी आली तेव्हा मी ती आईला ऐकवली. तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली, हात मांडीवर ठेवून. मग म्हणाली, “ह्यात तू खंय आसस?”

मी त्यात कुठे आहे ते कळावं म्हणून तिला डबा समजावून सांगितला. रोबोट, नॉब, सगळं.

“मशीनीन तुझो आवाज खाल्ल्यान,” एवढंच ती म्हणाली, आणि भात लावायला उठली.

मी तेव्हा हसले. डिगूला सांगितलं, तोही हसला. पण त्या दिवसापासून कार्यक्रमात माझी नजर त्या नॉबकडे जायला लागली.

आता घोडा.

चिंचपोकळीहून एका मामांचा फोन आला. त्यांच्या भाच्याचं लग्न होतं. फोन घ्यायचं काम केदारकडे, कारण त्याला फोनवर ऑफिसातला आवाज काढता यायचा. मामांनी विचारलं, बँड किती जणांचा. केदार म्हणाला, तिघांचा, पण वाजतो तीस जणांसारखा. मामा खूश झाले. आमची गल्ली अरुंद आहे, म्हणाले, बरंच झालं. गल्लीत स्टेज बांधणार असतील असं केदारला वाटलं. बँड या शब्दाचे मुंबईत दोन अर्थ आहेत हे आमच्या तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

सकाळी दहाला आम्ही पोचलो. काळे टी-शर्ट, त्यावर चंदेरी टेप चिकटवलेली. गल्लीत स्टेज नव्हतं. एक पांढरा घोडा होता, त्यावर मुंडावळ्या बांधलेला नवरामुलगा होता आणि मागे शंभरेक माणसं होती. मामांनी आमच्या कपड्यांकडे पाहिलं, टोप्या नाहीत का म्हणून विचारलं, आणि मग म्हणाले की चला, व्हा पुढे.

“पुढे कुठे?” डिगूने विचारलं.

“घोड्याच्या पुढे. हॉल लालबागला आहे.”

डिगूने त्यांना सांगितलं की आमचा बँड चालत नाही. मामांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं बिघडला आहे. मग त्याने समजावलं, की चालत नाही म्हणजे एका जागी उभा असतो, त्याला वीज लागते. मामा तोडगा काढणारे गृहस्थ होते. पाच मिनिटांत त्यांनी एक हातगाडी आणवली, तिच्यावर आमचे स्पीकर, डबा आणि लॅपटॉप चढवले, आणि कोपऱ्यावरच्या लेथच्या कारखान्यातून लाइट घ्यायची परवानगी काढली. लग्नघरातून, शेजाऱ्यांकडून, कारखान्यातून मिळतील तेवढे एक्स्टेंशन बोर्ड गोळा झाले. केदारने त्यांची यादी केली. डिगूने ते एकाला एक जोडले. सगळी मिळून वायर बरीच लांब झाली, आणि हॉल तिच्यापेक्षा बराच लांब होता. हे डिगूला ठाऊक होतं. तो म्हणाला, पुढे कुठल्यातरी दुकानातून घेऊ.

वरात निघाली. खरं सांगते, पहिली दहा मिनिटं फार छान गेली. खर्ज त्या अरुंद गल्लीत असा घुमत होता की घराघरांची तावदानं थरथरत होती. डब्यातून माझा रोबोट ‘पाणी आलं’ म्हणत होता आणि नवऱ्याचे मित्र बेभान नाचत होते. घोडाही मान हलवत चालला होता. घोड्याचं नाव राजा. मग गल्ली संपून वळण आलं, आणि तिथे वायर संपली.

कुणाला कळलं नाही. हातगाडी पुढे गेली, मागे प्लग निघाला, आणि एका क्षणात सगळं गप्प. नाचणारी माणसं हात वर करून तशीच उभी राहिली. फक्त केदारला काही कळलं नव्हतं. लॅपटॉप बॅटरीवर चालू होता आणि त्याच्या कानावर हेडफोन होते. त्या शांततेत तो एकटा मान डोलवत, डोळे मिटून, एका हाताने ठेका धरत उभा होता. चांगली दोन-तीन मिनिटं. शंभर माणसं त्याच्याकडे बघत होती.

आणि घोडा थांबला. घोडेवाल्याने लगाम ओढला, पाठीवर थाप मारली, कानात काहीतरी सांगितलं. राजा हलेना. मामांनी विचारलं तेव्हा घोडेवाला शांतपणे म्हणाला, “बाजा बंद, राजा बंद.” जन्मापासून वरातीत चाललेलं जनावर ते. त्याच्या हिशेबी वाजंत्री थांबली म्हणजे हॉल आला.

डिगू आजूबाजूच्या दुकानांत लाइट मागत फिरला. रविवार होता, दुकानं बंद. हॉलवरून गुरुजींचा फोन आला की मुहूर्ताला पाऊण तास उरलाय. लोकांनी टाळ्या वाजवून पाहिल्या, तोंडाने ढोल वाजवला. एकाने मोबाइलची रिंगटोन राजाच्या कानाला लावली. राजाने एकदा मोबाइलकडे बघितलं आणि मान फिरवली. नवरामुलगा उतरून चालत जायला तयार होता, पण त्याची आत्या मध्ये पडली. तिच्या घराण्यात नवरा पायी गेलेला नाही, असं तिचं म्हणणं होतं. मामांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. ते माझ्यापुढे येऊन उभे राहिले.

“बाई, तुम्ही नक्की काय करता?”

“गाते.”

“मग गा की.”

मी डिगूकडे पाहिलं. तो रस्त्याच्या पलीकडे हातात प्लग घेऊन उभा होता. कानात टकटक नव्हती, समोर माइक नव्हता, डबा मेलेला. सहा वर्षांत मी माझा आवाज उघड्यावर ऐकला नव्हता. तो कसा आहे हेच मला आठवत नव्हतं. मला दुसरं काही सुचलं नाही, मी ‘पाणी आलं’ सुरू केलं. पहिली ओळ माझी मलाच ऐकू आली नाही. दुसरी बाहेर पडली, आणि ती इतकी मोठी होती की मीच दचकले. समोरच्या इमारतीतली दोन माणसं गॅलरीत आली. राजाने एक कान माझ्याकडे वळवला. मग पाय उचलला.

तो चालायला लागला तशी मी त्याच्या पुढे उलटी चालत गायला लागले, म्हणजे तो थांबला तर दिसावं. तो थांबायचाच. मी श्वास घ्यायला थांबले की तोही थांबायचा. तीन-चारदा तसं झालं आणि मागून माणसं एकमेकांवर आदळली. मग आत्याबाईंच्या लक्षात आलं. मी श्वास घेतला की तेवढ्यात त्या आणि त्यांच्या सोबतच्या बायका ‘पाणी आलं’ म्हणायला लागल्या. असे आम्ही लालबागला पोचलो, मुहूर्ताला दहा मिनिटं असताना. माझा पहिला सोलो कार्यक्रम हा असा एका घोड्यासाठी झाला. आजवर इतक्या बारकाईने मला कुणी ऐकलेलं नाही. हॉलच्या दारात आत्याबाईंनी माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. सहा वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी गाण्यानंतर लॅपटॉपकडे न बघता माझ्याकडे बघत होतं.

मी सामान घ्यायला मागे गेले. डिगू त्या वळणावर एकटाच वायर गुंडाळत बसला होता. मला वाटलं तो हसेल. तो म्हणाला, “वायर संपली आणि तू सुरू झालीस.”

त्यानंतरच्या तालमीत मी मागणी केली, की एक गाणं, फक्त एक, नॉब पूर्ण डावीकडे ठेवून करूया. डिगू म्हणाला, मग मी त्या वेळी काय करू, पाणी भरू? मी म्हटलं, माझा आवाज आहे. तो म्हणाला, त्या आवाजाला दादरच्या सगळ्या ऑर्केस्ट्रांनी नको म्हटलं तेव्हा त्याला आवाज कुणी दिला? हे खरं होतं. मी चार ठिकाणी नापास होऊन आले होते, आणि जिन्याखाली उभं करून घेणारा तो एकटाच होता. खरं होतं म्हणूनच मला जास्त लागलं. मी म्हटलं, तुझ्या डब्यात कुणीही गायलं असतं तरी चाललं असतं.

“हो,” डिगू म्हणाला. “म्हणूनच तुला घेतलं.”

त्या दोन वाक्यांनी बँड संपला. दोन्ही खोटी होती आणि दोघांनाही ते ठाऊक होतं, पण माघार कुणी घ्यायची? केदार तीन आठवडे आमच्या खोल्यांमधून ये-जा करत राहिला. शेवटी त्याने वाटणीची यादी केली. शब्द शुभांगीकडे, ठेके दिगंबरकडे, नाव कुणीच वापरायचं नाही. डब्यासमोर त्याने ‘वादग्रस्त’ लिहिलं होतं. आम्ही दोघांनी खाली सह्या केल्या. म्हणजे माझ्याकडे ठेक्याविना गाणी उरली आणि त्याच्याकडे गाण्यांविना ठेके.

एकटीचा पहिला कार्यक्रम दादरला झाला, एका महिला मंडळात, दुपारी चारला. सोबतीला एक पेटी आणि तबला. वेळ दीड तास ठरला होता. कानात टकटक नसली की माणूस घाईघाईने गातो हे मला माहीत नव्हतं. आणि हातांचं काय करायचं हेही. बँडमध्ये माझा एक हात कानावर आणि एक माइकवर असायचा. इथे माइक स्टँडवर होता, कान मोकळे होते, आणि दोन्ही हात पाहुण्यांसारखे अवघडून लटकत होते. मी त्यांच्या काळजीत गात राहिले. दीड तासाचा कार्यक्रम चाळीस मिनिटांत संपला. तबलजी रुमालाने मानेचा घाम पुसत होता.

मंडळाच्या अध्यक्षा, सगळे त्यांना माई म्हणायचे, व्यासपीठावर आल्या. मला वाटलं आभार मानतील. त्यांनी माइक खाली करून मला हळूच सांगितलं की चहा पाचला येणार आहे, तोवर पुन्हा पहिल्यापासून म्हणा, आणि या खेपेला जरा सावकाश, कारण मघाशी आम्हाला शब्द लागले नाहीत. मी सगळी गाणी पुन्हा म्हटली. दुसऱ्या खेपेला ती चांगली झाली. हातही कुठेतरी निघून गेले. आजही कुठल्या गाण्यात घाई झाली की मला माई दिसतात, आणि चहा.

पुढे जमत गेलं. आई आणि मी भायखळ्याला राहायला गेलो, तिथेच भाजी मार्केटजवळच्या एका खोलीत मी पहिला अल्बम रेकॉर्ड केला. खिडकी नीट लागत नव्हती, त्यामुळे सगळ्यात हळव्या गाण्यात ‘कांदा घ्या, कांदा’ असं अगदी सुरात ऐकू येतं. आम्ही ते काढलं नाही, कारण काढायला येत नव्हतं. एका परीक्षणात त्या जागेचं फार कौतुक झालं. आईने अल्बम ऐकला आणि कांदेवाला बरा गातो म्हणाली. मग उठता उठता, तू पण. आईकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

एक गोष्ट मात्र टोचत राहिली. गिरगावातले एक निवृत्त शिक्षक माझ्या प्रत्येक कार्यक्रमाला यायचे. पहिल्या रांगेत, छत्री गुडघ्यांत धरून. मीटरबॉक्स त्यांनी फक्त सीडीवर ऐकलेला होता. एकदा गिरगावातल्या कार्यक्रमानंतर ते भेटायला आले. खूप संकोचून म्हणाले, तुम्ही छानच गाता, पण तुमच्याआधी मीटरबॉक्समध्ये त्या यंत्रातून गाणाऱ्या बाई होत्या, त्या हल्ली कुठे असतात? मला सांगता आलं असतं की ती मीच. पण त्यांच्या चेहऱ्यावर इतकी काळजी होती की मी म्हटलं, त्या आता गात नाहीत.

“फार एकट्या वाटायच्या,” मास्तर म्हणाले. “त्यांना नमस्कार सांगा.”

घरी येऊन मी कपाटातून जुनी सीडी काढली. ती बाई खरंच फार चांगली गात होती. तो आवाज मला एकटीला कधीच काढता आला नसता, आणि डिगूलाही. त्याला फोन करावा असं त्या दिवशी वाटलं, पुढेही कितीदा वाटलं. केला नाही. आमच्या दोघांच्या हट्टात अकरा वर्षं गेली.

फोन त्याचाच आला. नमस्कार-चमत्कार काही नाही. “शुभे, बावीस मजले म्हणायचेत. येशील?”

आमची चाळ पाडून त्या जागी बावीस मजल्यांचा टॉवर उभा राहिला होता. जुने भाडेकरू त्यात राहायला गेले, डिगू नवव्या मजल्यावर. तो आता लिफ्टच्या इलेक्ट्रॉनिक्सचं काम करतो. टॉवरची लिफ्ट इंग्रजीत बोलायची, तेही अशा उच्चारात, की जुनी माणसं भलत्याच मजल्यावर उतरून भलत्याच घरात शिरायची. एक गृहस्थ तर तिथे जेवूनही आले होते. सोसायटीने ठरवलं की लिफ्ट मराठीत बोलावी. कुणाच्या आवाजात, यावर डिगू सभेत म्हणाला होता, आवाज आहे माझ्याकडे.

आम्ही त्याच्या घरात, कपाटाचं दार उघडून, त्यात गोधड्या टांगून रेकॉर्डिंग केलं. अकरा वर्षांबद्दल आम्ही काही बोललो नाही. वाद पहिल्या मिनिटालाच सुरू झाला. ‘दार उघडत आहे’ की ‘दार उघडतंय’? तो म्हणाला, लिफ्टने घरच्यासारखं बोलू नये. मी म्हटलं, मग चाळीतल्या लोकांशी कसं बोलणार? अर्ध्या तासाने ‘दार उघडतंय’ ठरलं. मग तळमजल्यापासून वर निघालो. सतराव्याला त्याने थांबवलं.

“सतरावा जरा जास्त आनंदी वाटतोय. सतराव्यावर काय विशेष आहे?”

मी पुन्हा म्हटलं. अठरावा त्याला थकलेला वाटला. मी म्हटलं, अठरा मजले चढून आल्यावर थकणारच. तो हसला. तसा तो शेवटचा कधी हसला होता मला आठवेना. बाविसाव्याला पोचलो तेव्हा मी विचारलं, यावर तुझा डबा लावणार का? त्याने मान हलवली. “नको,” म्हणाला. “काकवांना ओळख पटायला हवी.”

आज माझा सगळ्यात जास्त ऐकला जाणारा अल्बम तो आहे. बावीस मजले, दोन लिफ्ट, रोजचे शेकडो श्रोते, आणि मध्येच उठून कुणी जाऊ शकत नाही.

मध्यंतरी डिगूकडे जेवायला गेले होते. उतरताना आठव्या मजल्यावर राणेकाकू आत आल्या. चाळीत आमच्या समोरच्या खोलीत राहायच्या, आता पाचव्या मजल्यावर असतात. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यावर हिरवी पट्टी. मी कोपऱ्यात होते, त्यांना दिसले नाही. हाक मारणार तोच लिफ्ट म्हणाली, दार बंद होतंय. काकू म्हणाल्या, होऊ दे. मग त्या लिफ्टशी बोलायलाच लागल्या. सुनेने आज भाजीत मीठ घातलं नाही, गुडघा सकाळपासून धरलाय. मला मध्ये बोलणं बरं दिसेना. पाचवा मजला आला, दार उघडलं. काकू भिंतीला हात लावून बाहेर पडल्या आणि वळून म्हणाल्या, “येते गं.”

माझ्या तोंडून सवयीने गेलं, “या काकू, सावकाश.”

दार बंद झालं. पलीकडून त्यांचा आवाज ऐकू आला. त्या शेजारणीला सांगत होत्या की लिफ्ट आज मला काकू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी डिगूचा फोन आला. सोसायटीत लेखी तक्रार आली होती. पाचव्या मजल्याला लिफ्ट नात्याने हाक मारते, मग बाकीच्यांनी काय घोडं मारलंय? चौथ्या मजल्याला मावशी हवी होती, अकराव्याला वहिनी. चौदाव्यावरच्या एका गृहस्थांना साहेब. मी म्हटलं, अरे, एवढ्या सगळ्यांना हाका मारायच्या तर कोण कुणाची कोण, याची यादी लागेल.

“यादी केदार करतोय,” डिगू म्हणाला.